बहीण चिमणी, भाऊ लांडगा

खांद्यावर पाखरू, कमरेला दोर, पायात वहाणसुद्धा नाही असा एक साधू... मैत्रिणींनो, हा पुतळा तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच. गावात मिशनची शाळा असेल किंवा सिस्टरांचा दवाखाना असेल, तर तिथल्या बागेत बरेचदा तो उभा असतो. नाव विचारलं की सांगतात, सेंट फ्रान्सिस. मग कुणीतरी लगेच म्हणतं, म्हणजे गोव्याचे ना, ज्यांचं शव दर्शनाला ठेवतात ते? नाही हो, ते वेगळे. गोव्याचे ते फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातले. हा त्यांच्याही आधी तीनशे वर्षं होऊन गेला, इटलीतल्या असिसी नावाच्या डोंगराळ गावात. मी त्याला अरेतुरे करते आहे, पण आपण ज्ञानोबाला, तुकोबालाही तसंच हाक मारतो की!

बोरिवलीत राहणाऱ्यांना हे नाव रोजच्या ओळखीचं. पश्चिमेला मंडपेश्वरच्या बाजूला माऊंट पोयसर म्हणून एक टेकाड आहे. तिथे १९०१ साली या फ्रान्सिसच्या नावाने ब्रदरांचा एक संघ सुरू झाला, आणि त्यांच्या शाळेत आमच्या भागातली कितीतरी मराठी, गुजराती, ख्रिस्ती मुलं शिकून मोठी झाली. पण शाळेच्या गणवेशावर नाव असतं म्हणून माणूस कळतोच असं नाही. मला तो कळला आमच्या शेजारच्या आन्टींमुळे. खरं म्हणजे त्यांच्या कुत्र्यामुळे.

आन्टी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती. गावठणातलं कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात जांभळाचं झाड. नवरा गेलेला, मुलं परदेशी. घरात त्या आणि ब्राऊनी. चौदा वर्षं तो कुत्रा त्यांच्या पायात घोटाळत होता. एका पावसाळ्यात तो गेला. आन्टींनी त्याला जांभळाखाली पुरलं, वर दोन विटा ठेवल्या आणि चार दिवस चूल पेटवली नाही. समाचाराला कोण येणार? कुत्रंच ते, दुसरं आणा, असं सांगणारेच जास्त. फादरांकडे जाऊन त्यांनी विचारलं, याच्यासाठी मिस्सा ठेवता येईल का? फादर भले गृहस्थ. जनावराच्या अंत्यविधीची प्रार्थना चर्चमध्ये नसते, हे त्यांनी हळुवारपणे सांगितलं, आणि मग संध्याकाळी स्वतः येऊन जांभळाखाली खुर्ची टाकून बसले. जाताना त्यांनी आन्टींच्या हातात फ्रान्सिसच्या चरित्राचं एक जुनं पुस्तक ठेवलं. आन्टींचं वाचून झाल्यावर ते माझ्याकडे आलं. मग मी आणखीही मिळेल ते वाचत गेले.

फ्रान्सिसचा जन्म ११८१ किंवा ११८२ सालचा. बाप पिएत्रो दि बर्नार्दोने, कापडाचा बडा व्यापारी. आई पिका. मुलगा झाला तेव्हा बाप व्यापारासाठी फ्रान्सला गेला होता. आईने नाव ठेवलं जोव्हानी, बापाने परत आल्यावर ते बदलून फ्रान्चेस्को केलं. पैशाला तोटा नाही, गळ्यात गाणं, अंगावर भारी कपडे, मित्रांच्या मैफली. लाडावलेला मुलगा कसा असतो ते मी सांगायला नको! १२०२ साली शेजारच्या पेरुजा शहराशी लढाई झाली. हा हौसेने घोड्यावर बसून गेला आणि पकडला गेला. वर्षभर कैदेत सडला, आजारी होऊन घरी आला. मग पूर्वीचं काही गोड लागेना.

एकदा रस्त्यात त्याला एक कुष्ठरोगी भेटला. फ्रान्सिसला या रोग्यांची भयंकर किळस होती. त्या दिवशी मात्र तो घोड्यावरून उतरला, त्याला भीक दिली आणि त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याच्या चरित्रात चमत्कार पुष्कळ सांगतात, मला हाच सगळ्यांत मोठा वाटतो. ज्याची शिसारी येते त्याला एकदा हात लावला, की पुढे किड्यामुंगीला भाऊ म्हणणं सोपं जात असेल.

पुढे मोडक्या सान दामियानो चर्चच्या डागडुजीसाठी त्याने बापाच्या दुकानातलं कापड नेऊन विकलं, सोबत घोडाही विकला. बाप चिडला, आणि चिडणारच की. घरचा माल न विचारता विकला तर कुठला बाप गप्प बसेल? प्रकरण बिशपपुढे गेलं. तिथे भर लोकांत फ्रान्सिसने अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या पुढ्यात ठेवले. यापुढे बाप एकच, आकाशातला! बिशपने आपला झगा त्याच्याभोवती लपेटला. हे १२०६ सालचं. आईचं त्या दिवशी काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतरची वीस वर्षं तो भिक्षा मागत, पडकी देवळं बांधत, उपदेश करत हिंडला. १२०९ मध्ये अकरा सोबती घेऊन रोमला पोपकडे गेला आणि संघाला परवानगी मिळवून आला. १२१२ मध्ये असिसीच्याच मोठ्या घरची क्लारा घर सोडून आली आणि बायकांचाही संघ उभा राहिला. १२१९ मध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान फौजा इजिप्तमध्ये एकमेकींसमोर उभ्या असताना हा निःशस्त्र माणूस थेट सुलतान अल-कामिलच्या छावणीत जाऊन बोलून आला. सुलतानानेही त्याला सुखरूप परत पाठवलं. त्याच्या नावाने पुढे जगभर गेलेल्या सगळ्यांना काही हे जमलं नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी आमच्या मंडपेश्वरच्या शिवलेण्याचं चर्च केलं होतं. लेण्याच्या माथ्यावर त्यांच्या इमारतीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. खाली आता पुन्हा शंकराची पूजा होते.

आता त्याच्या जनावरांकडे येते.

रस्त्यावर किडा दिसला की पायाखाली येऊ नये म्हणून तो उचलून बाजूला ठेवायचा. हिवाळ्यात मधमाश्यांसाठी मध ठेवायला सांगायचा. कुणी जाळ्यातला ससा आणून दिला, तर तो सोडल्यावरही पुन्हा पुन्हा याच्याच मांडीत येऊन बसायचा. बेव्हान्या गावाजवळ शेतात पाखरांचा थवा दिसला तेव्हा तो सोबत्यांना रस्त्यात सोडून पाखरांना उपदेश करायला गेला. याच फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला. आपल्याकडे डिसेंबरात ख्रिस्ती वस्त्यांमधून घरोघर जो येशूजन्माचा गोठा मांडतात, त्याची प्रथा पसरली ती या देखाव्यापासून. नाताळच्या दिवशी बैला-गाढवांना जास्तीचा चारा मिळावा आणि पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावं, अशी त्याची फार इच्छा होती. आपला पोळाच म्हणा ना!

कोकरांवर मात्र त्याचा विशेष जीव. ख्रिस्ती लोक येशूला देवाचं कोकरू म्हणतात, म्हणून कोकरू दिसलं की त्याला येशूच आठवायचा. एकदा बाजाराच्या वाटेवर एक माणूस दोन कोकरं बांधून खांद्यावर लटकवून नेत होता. ती ओरडत होती. फ्रान्सिसने अंगावरचा झगा त्या माणसाला देऊन टाकला आणि कोकरं घेतली. पण भिकाऱ्याने कोकरं ठेवायची कुठे? शेवटी त्याच माणसाला ती परत केली. विकायची नाहीत, मारायची नाहीत, नीट सांभाळायची, या बोलीवर.

आणि मग ती सान व्हेरेकोन्दोच्या मठातली गोष्ट. फ्रान्सिस तिथे मुक्कामाला होता. रात्री एका मेंढीला कोकरू झालं. मठात एक द्वाड डुकरीण होती, तिने त्या नवजात कोकराला चावून मारलं. सकाळी ते समजलं तेव्हा फ्रान्सिस सगळ्यांदेखत शोक करू लागला. काही तासांचं ते पिल्लू, त्याला भाऊ म्हणून हाक मारत. त्या काळचे चरित्रकार हे लिहितात, आणि पुढचंही लपवत नाहीत. त्याने त्या डुकरिणीला शाप दिला. ती आजारी पडली, तिसऱ्या दिवशी मेली आणि खंदकात फेकली गेली. तिला कुणी तोंडही लावलं नाही.

ही गोष्ट वाचून मी चमकले होते. जो लांडग्याला भाऊ म्हणतो तो डुकरिणीला शाप देतो? ती बिचारी तिच्या जातीप्रमाणे वागली. मी आन्टींना तसं म्हटलंही. त्यांना मात्र यात नवल वाटलं नाही. ब्राऊनी गेला त्या आठवड्यात त्यांनी औषध देणाऱ्या डॉक्टरला, पावसाला, शेजारच्या मांजरीला, सगळ्यांना शिव्याशाप दिले होते. माणूस गेल्यावर आपण देवाला बोल लावतो, तसंच हे. संत झाला तरी दुःखाने डोकं फिरायचं ते फिरतंच, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला. देवमाणसाच्या चरित्रातून असा प्रसंग गाळणं किती सोपं होतं! लिहिणाऱ्यांनी तो ठेवला याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

दुसरी गोष्ट गुब्बिओच्या लांडग्याची. ही फ्रान्सिसनंतर शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेल्या कथांमध्ये येते, तेव्हा इतिहास म्हणून नाही तरी लोकांची आठवण म्हणून वाचायची. लांडगा गावाबाहेर टपून बसायचा, आधी जनावरं, मग माणसंही खायला लागला. लोक वेशीबाहेर पडेनात. फ्रान्सिस एकटा त्याला सामोरा गेला, भाऊ म्हणाला आणि करार केला. गावाने रोज त्याला खायला घालायचं, त्याने कुणाला इजा करायची नाही. लांडग्याने पंजा त्याच्या हातात दिला.

संजय गांधी उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा बोरिवली-मुलुंडवाल्यांना ही गोष्ट परकी वाटत नाही. संध्याकाळनंतर बिबट्या दिसला ही बातमी इथे नवी नाही, आणि गल्लीतलं कुत्रं रात्रीतून नाहीसं झालं की कुणी फार विचारत नाही. आरेच्या पाड्यांवर वारली लोकांनी वाघोबाचं ठाणं मांडलेलं आहे. ते त्याला नैवेद्य दाखवतात, आपली माणसं-गुरं सांभाळ म्हणतात. गुब्बिओत आणि आरेत फरक आहे तो देशाचा, कराराचा नाही!

पण गोष्टीचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. लांडगा त्यानंतर दोन वर्षं गावात राहिला. दारोदार फिरायचा, लोक प्रेमाने खायला घालायचे, एकही कुत्रं त्याच्यावर भुंकायचं नाही. मग म्हातारा होऊन तो मेला. आणि सगळ्या गावाला दुःख झालं. ज्यांच्या घरातली माणसं त्याने खाल्ली होती, त्या गावाला! त्याला रोज रस्त्यातून जाताना पाहिलं की त्यांना फ्रान्सिस आठवायचा. आता ते थांबलं.

आन्टींचा मूळ प्रश्न मात्र वेगळाच होता. ब्राऊनी आता कुठे आहे? आपल्याकडे या प्रश्नाला सोय आहे. धर्मराज कुत्र्याशिवाय स्वर्गात जायला नकार देतो हे आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. ज्ञानदेवांनी वेद बोलायला लावलेल्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे, तिथे लोक आजही हात जोडतात. पुनर्जन्म तर आहेच. ख्रिस्ती धर्मात हे इतकं सरळ नाही. फ्रान्सिसच्याच शतकात झालेले मोठे धर्मपंडित थॉमस अक्वायनस सांगून गेले की प्राण्याला जीव असतो, पण तो देहाबरोबर संपतो, माणसाचाच आत्मा अमर. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात प्राण्यांशी दयेने वागा असं सांगताना फ्रान्सिसचंच नाव घेतलं आहे. पण त्याच ठिकाणी असंही बजावलं आहे की प्राण्यांवर प्रेम करावं, मात्र माणसांच्या वाट्याचं प्रेम त्यांना देऊ नये.

माणसांच्या वाट्याचं! ज्या घरात फोन रविवारचा रविवारी वाजतो, तिथे बाकीचे सहा दिवस ते प्रेम ठेवायचं कुठे, हे त्या ग्रंथकारांनी आमच्या आन्टींना येऊन सांगावं.

२०१४ साली, प्राणीही स्वर्गात जातात असं पोप फ्रान्सिस म्हणाले, अशी बातमी जगभर छापून आली. आन्टींच्या एका बहिणीने ते कात्रण जपून ठेवलं होतं. पण नंतर खुलासा झाला, पोप तसं म्हणालेच नव्हते. गंमत पाहा, २०१३ मध्ये पोप झाल्यावर असिसीच्या या साधूचं नाव घेणारे हे पहिलेच पोप. २०१५ मध्ये त्यांनी निसर्गावर एक मोठं पत्रक काढलं, त्याचं नावही फ्रान्सिसच्या स्तोत्रातून घेतलं. अखेरच्या नव्या सृष्टीत प्रत्येक जीव उजळून निघून आपापल्या जागी असेल, असा विचार त्यात खरोखरच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेही गेले. मी ते पत्रकातलं पान आन्टींना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तो भाग पुन्हा वाचायला सांगितला.

फ्रान्सिसने स्वतः हा वाद कधी घातल्याचं दिसत नाही. आत्मा आहे की नाही, ते ठरायच्या आधीच तो भाऊ-बहीण म्हणून मोकळा झाला होता.

त्याची शेवटची दोन वर्षं फार हालाची. १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर तो उपासाला बसला होता. तिथे एक ससाणा रोज रात्री प्रार्थनेच्या वेळी ओरडून त्याला उठवायचा, आणि तो आजारी असला की उशिरा ओरडायचा म्हणे. याच डोंगरावर त्याच्या हातापायांवर येशूच्या जखमांसारख्या जखमा उमटल्या. डोळे जवळजवळ गेले. वैद्याने तापल्या सळईने कानशिलाजवळ डाग दिले, तेव्हा त्याने आगीलाही भाऊ म्हणून जरा हळू घे अशी विनवणी केली. स्वतःच्या शरीराला तो गाढवभाऊ म्हणायचा. शेवटी शेवटी त्याला वाटलं, या गाढवाला आपण फारच राबवलं, आणि त्याने त्याची माफी मागितली. १२२५ मध्ये सान दामियानोजवळच्या झोपडीत पडून असताना त्याने सूर्य, चंद्र, वारा, पाणी या भावाबहिणींचं स्तोत्र रचलं. लॅटिनमध्ये नाही, तर गावच्या बोलीत. तेव्हा त्या झोपडीत उंदरांनी त्याला नुसतं भंडावून सोडलं होतं. झोपू देईनात, जेवू देईनात. त्यांचा त्याला मनस्वी त्रास झाला, हेही लिहून ठेवलेलं आहे. बरं वाटतं वाचून!

त्या स्तोत्रात अखेरच्या दिवसांत त्याने आणखी एक बहीण घातली. मृत्यू.

आता एका बाईबद्दल सांगते, कारण तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. रोममध्ये जाकोबा नावाची एक श्रीमंत विधवा होती, दोन मुलग्यांची आई. फ्रान्सिस रोमला गेला की तिच्याकडे उतरायचा. तिथे असताना त्याने एक कोकरू पाळलं होतं. निघताना ते तो जाकोबाच्या हवाली करून गेला. ते कोकरू तिच्या मागे मागे चर्चमध्ये जायचं, तिची प्रार्थना होईपर्यंत थांबायचं, तिच्याबरोबर परत यायचं. सकाळी तिला उठायला उशीर झाला तर शिंगांनी हलके ढुशा देऊन, बें बें करून उठवायचं. ज्यांच्या घरी गाय, शेळी, मांजर आहे त्यांना ती सकाळ डोळ्यांसमोर दिसेल.

१२२६ च्या शरदात, आपण जाणार हे कळल्यावर फ्रान्सिसने जाकोबाला पत्र लिहायला घेतलं. ये, येताना कफनासाठी राखी कापड आण, मेणबत्त्या आण, आणि रोमला आजारपणात तू मला द्यायचीस ती बदामाची मिठाई आण. पत्र घेऊन माणूस निघणार तोच दारात घोडे थांबले. जाकोबा आली होती, कापड, मेणबत्त्या आणि मिठाई घेऊन. मठात बाईला प्रवेश नसे. फ्रान्सिसने तिच्यापुरता तो नियम मोडला. तिलाही तो भाऊच म्हणायचा, जाकोबाभाऊ. मिठाई त्याला खाववली नाही, जराशी जिभेवर ठेवली.

३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, त्याच्याच सांगण्यावरून त्याला उघड्या जमिनीवर ठेवलं होतं, तिथे तो गेला. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. चंडोल पक्षी उजेडाचे, अंधार पडू लागला की ते आकाशात दिसत नाहीत. त्या संध्याकाळी मात्र चंडोलांचा मोठा थवा त्या छपरावर गोल गोल फिरत गात राहिला, असं तिथे असलेल्यांनी सांगितलं. कुण्या माणसासाठी जनावरांनी केलेल्या शोकाची अशी नोंद मी दुसरी वाचली नाही.

१२२८ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, त्याला संतपद मिळालं. ४ ऑक्टोबर हा त्याचा सण, आणि जागतिक प्राणी दिनही त्यामुळेच त्या तारखेला असतो. त्या दिवशी जगात पुष्कळ चर्चमध्ये कुत्री, मांजरं, पोपट, गाई आणून त्यांना आशीर्वाद देतात. आमच्याकडे उपनगरात २०२३ साली महापालिकेने मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली. तोवर बहुतेकांना जांभळाचं झाडच शोधावं लागे, आणि ज्यांना अंगण नाही त्यांनी काय केलं असेल, कोण जाणे!

जाकोबा पुढे असिसीलाच राहिली. असिसीच्या मोठ्या चर्चच्या तळघरात फ्रान्सिसची समाधी आहे. जिना उतरून तिच्याकडे जाताना समोरच्या बाजूला एक छोटा कोनाडा दिसतो. त्यात जाकोबाच्या अस्थी ठेवल्या आहेत.